ईएमपी: तीन अक्षरांमागची माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना घेतलेले चहाचे घोट आणि 'म्हणजे-म्हणजे' तेवढे कापलेत, बाकी सगळं तेच आहे.

अकरावी-बारावीला ज्यांनी बायो घेतलं होतं त्यांना 'ईएमपी पाथवे' हे नाव आठवत असेल. वर ग्लुकोज, मग खाली खाली जाणारे बाण, प्रत्येक बाणाशेजारी एका एन्झाइमचं आगगाडीएवढं नाव, आणि तळाला पायरुव्हेट. एकूण दहा पायऱ्या. मराठी माध्यमवाल्यांनी याला ग्लुकोज-विघटन म्हटलं असेल आणि एन्झाइमला विकर. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचं, पेपर देऊन आलं की विसरायचं. मी बायो सोडून कॉम्प्युटरकडे पळालो त्यात या आकृतीचाही थोडा हात आहे.

या नावातला ई म्हणजे गुस्ताव्ह एम्बडेन, एम म्हणजे ओटो मायरहोफ, पी म्हणजे याकुब पार्नास. तिघेही ज्यू घराण्यांत जन्मलेले. एम्बडेन १९३३ मध्ये वारला, हिटलर सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच. मायरहोफला नोबेल खिशात असूनही छप्पन्नाव्या वर्षी युरोपातून पळून जावं लागलं. पार्नास मॉस्कोत मेला, अटक झाल्यावर काही तासांत. आपण पाठ केलेली आकृती या माणसांनी पूर्ण केली. पण ती सुरू झाली त्यांच्या शंभर वर्षं आधी, एका भांडणातून. त्यामुळे आधी ते भांडण.

साल १८३९. जर्मनीतल्या एका प्रतिष्ठित रसायनशास्त्राच्या मासिकात एक निनावी लेख येतो. लेखक म्हणतो, मी भारी सूक्ष्मदर्शकातून यीस्ट बघितलं आणि मला त्यात बारीक बारीक प्राणी दिसले. त्यांचा आकार दारू गाळायच्या भट्टीसारखा. ते सोंडेने साखर गिळतात, एका बाजूने दारू सोडतात आणि दुसऱ्या बाजूने कार्बन डायऑक्साइड. त्यांचं मूत्राशय म्हणे शॅम्पेनच्या बाटलीसारखं दिसतं. ही चक्क खिल्ली होती. ती उडवणारे होते फ्रिडरिश व्योलर आणि युस्टुस लीबिग, म्हणजे त्या काळातले रसायनशास्त्रातले दोन दादा. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन मोठ्या प्राध्यापकांनी मीम बनवून जर्नलमध्ये टाकलं.

राग कशाचा होता? त्याच्या एक-दोन वर्षं आधी फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत थिओडोर श्वान व फ्रिडरिश क्युत्सिंग या तिघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली होती: यीस्ट जिवंत आहे, आणि साखरेची दारू होते ती त्याच्या जगण्यामुळे. लीबिगला हे अजिबात पटेना. त्याचं म्हणणं, कुजणारा पदार्थ स्वतः मोडत असतो आणि ती मोडण्याची हालचाल शेजारच्या साखरेलाही लागते. संपला विषय, जीव कशाला मध्ये आणता? आणि त्याचा राग अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. 'हे जीवामुळे होतं' असं म्हटलं की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, पण कसं होतं ते काहीच कळत नाही.

शिवाय लीबिगच्या बाजूने एक पुरावाही होता. १८३३ मध्ये पॅरिसला आन्सेल्म पायँ आणि जाँ-फ्रान्स्वा पेरसो यांनी मोड आलेल्या सातूचा अर्क काढला, त्यात अल्कोहोल घालून एक पांढरा पदार्थ खाली बसवला. हा पदार्थ चिमूटभर घातला तरी पुष्कळ स्टार्चची साखर व्हायची. उकळला की मात्र निकामी. त्यांनी त्याला डायास्टेज नाव दिलं. पोळीचा घास गिळायच्या आधी नुसता चावत राहिलं की गोडसर लागतो ना, ते काम आपल्या थुंकीतला याच जातीचा पदार्थ करतो. यात कुठे जिवंत पेशी होती? बाटलीत ठेवलेली पांढरी पूड होती. हे पहिलं एन्झाइम. हा डायास्टेज लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता भांडणात उतरतो लुई पाश्चर. १८५६ साली तो लिल शहरात प्राध्यापक होता. बिगो नावाच्या कारखानदाराच्या बिटाच्या रसाची दारू बिघडत होती, आणि त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन कारखान्यात गेला. चांगल्या पिंपात त्याला यीस्टचे गोल कण दिसले. बिघडलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखं काहीतरी होतं आणि रस आंबट झाला होता. पुढच्या काही वर्षांत त्याने इतके नेटके प्रयोग केले की लीबिगच्या बाजूला बोलायला जागाच उरली नाही. पाश्चरचा निष्कर्ष असा की साखरेची दारू होणं आणि यीस्टचं जगणं या वेगळ्या करता येणाऱ्या गोष्टी नाहीत. पेशी जिवंत आणि धड असेल तरच किण्वन.

मग डायास्टेजचं काय? त्यावर तोडगा निघाला तो आपल्या सरकारी ऑफिसात शोभेल असा. दोन फायली केल्या. पेशीबाहेर काम करणारे साधे पदार्थ एका फायलीत, आणि यीस्टसारखे 'सजीव' किण्व दुसरीत. १८७० च्या दशकात विल्हेल्म क्यूने याने पहिल्या फायलीला एन्झाइम हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'यीस्टमध्ये' असा आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे हे नाव जे यीस्टच्या आत नाही त्याला दिलं जात होतं.

इथे अडकलेला प्रश्न फक्त दारूचा नव्हता. साखर मोडून त्यातून काम काढून घेणं ही जिवंत असण्याची अगदी मुळातली गोष्ट. ती जर अख्ख्या पेशीशिवाय होतच नसेल, तर रसायनशास्त्राने पेशीच्या दाराशी चपला काढून बाहेर बसावं हे बरं. आत काहीतरी वेगळं आहे, 'जीवनशक्ती' म्हणा, प्राण म्हणा. आणि मग मधुमेहासारख्या आजारात आत काय बिघडलंय हे तरी बाहेरून कसं कळणार? स्वतः पाश्चरनेही यीस्ट वाटून, गोठवून बघितलं होतं, त्याच्या सहकाऱ्याने नंतर तसं सांगितलं. त्याच्या हाती काही लागलं नाही. १८९५ मध्ये तो गेला.

त्यानंतर जेमतेम दीड वर्षात कोडं सुटलं, तेही भलतंच काहीतरी शोधताना. म्युनिकमध्ये हान्स बुख्नर नावाचा जीवाणूशास्त्रज्ञ होता. त्याला जंतूंच्या आतला रस औषध म्हणून वापरायचा होता, म्हणून पेशी फोडायची सोपी पद्धत हवी होती. सुरुवात स्वस्त आणि मुबलक यीस्टपासून. त्याचा धाकटा भाऊ एडुआर्ड रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा ट्युबिंगनला नोकरीला. १८९६ च्या शरदातल्या सुट्टीत तो भावाच्या प्रयोगशाळेत आला. हान्सचा मदतनीस मार्टिन हान याने युक्ती काढली होती: यीस्टमध्ये बारीक वाळू आणि कीझेलगुर नावाची भुसभुशीत माती घालून खलबत्त्यात कुटायचं. कोरडी पूड बघता बघता ओल्या कणकेसारखी होते, कारण पेशी फुटून रस बाहेर येतो. मग तो गोळा फडक्यात बांधून हायड्रॉलिक प्रेसखाली. एक किलो यीस्टमधून साधारण अर्धा लीटर पिवळसर रस निघायचा.

हा रस टिकेना. जंतुनाशकं घालून तो बिघडत होता. मग त्यांनी आपल्या आज्यांनी केलं असतं तेच केलं. मोरावळा कसा टिकतो? साखरेच्या पाकात. रसात भरपूर साखर घातली.

आणि रसातून बुडबुडे यायला लागले.

दुसरा कोणी असता तर 'गेला हा पण रस' म्हणून ओतून दिला असता. एडुआर्डला कळलं की हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे आहेत, रसात दारू तयार होतेय, आणि या भांड्यात जिवंत यीस्ट नाही. मग त्याने सगळ्या शंका एकेक करून बंद केल्या. रस जंतूही अडतील अशा गाळणीतून गाळला, तरी बुडबुडे. क्लोरोफॉर्म घातलं, ज्यात यीस्ट जगत नाही, तरी बुडबुडे. रस वाळवून पूड केली, ती परत पाण्यात कालवली, तरीही साखर घातल्यावर दारू. जानेवारी १८९७ मध्ये त्याने निबंध पाठवला. शीर्षक साधं: यीस्ट-पेशींशिवाय अल्कोहोली किण्वन. रसातल्या कर्त्या पदार्थाला त्याने झायमेज म्हटलं. विरोधक म्हणाले, पेशीचे जिवंत तुकडे राहिले असतील. काही वर्षं वाद झाला, मग विझला. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल एडुआर्ड बुख्नरला मिळालं.

म्हणजे पाश्चर चुकला का? माझं मत विचाराल तर, यीस्ट जिवंत आहे आणि दारू तेच करतं हे त्याचं म्हणणं आजही बरोबर आहे. चूक एवढीच की त्याने यंत्र आणि कारखान्याची इमारत एकच मानली. बुख्नरने इमारत पाडून दाखवली आणि यंत्र चालूच राहिलं. (बुख्नर पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि ऑगस्ट १९१७ मध्ये रोमानियात गोळ्याचा तुकडा लागून वारला. वय सत्तावन्न. या वयात आघाडीवर जायची त्याला काय गरज होती, कोण जाणे.)

पुढे जायच्या आधी एक मिनिट: एन्झाइम नेमकं करतं काय? डब्यातली साखर वर्षानुवर्षं तशीच राहते. मोडली तर ऊर्जा बाहेर पडेल हे खरं, पण मोडायला आधी एक चढ चढावा लागतो. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याचा घाट आडवा येतो तसा. एन्झाइम म्हणजे बोगदा. पुणे तिथेच राहतं, मुंबईही तिथेच, फक्त डोंगर चढावा लागत नाही. आणि हा बोगदा एका मापाच्या गाडीसाठीच खणलेला असतो. १८९४ मध्ये एमिल फिशरने यासाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली: जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन साखरांपैकी एकच एन्झाइमला चालते, कारण आकार जुळावा लागतो. त्यामुळे साखरेपासून दारूपर्यंत एकच बोगदा असणं अवघड होतं. झायमेज हे एक एन्झाइम नसून अख्खी टोळी असणार, हे लवकरच ध्यानात यायला लागलं.

टोळीतले लोक शोधायचे कसे? इथून पुढे गोष्ट माझ्या ओळखीची होते, कारण हे निव्वळ डिबगिंग आहे.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डेन आणि विल्यम यंग बुख्नरचाच रस वापरत होते. रसाचं किण्वन थोड्या वेळाने मंदावायचं. त्यांनी त्यात उकळून मारलेला यीस्टचा रस घातला. उकळल्यावर एन्झाइम मरतात, म्हणजे त्याने काही व्हायला नको. पण किण्वन जोरात सुरू झालं! १९०५-०६ च्या सुमारास त्यांनी कारण शोधलं: उकळलेल्या रसातलं फॉस्फेट. नुसतं फॉस्फेट घातलं तरी तेच व्हायचं. आणि हिशोब इतका चोख की जितके फॉस्फेटचे रेणू घालाल तितकेच कार्बन डायऑक्साइडचे जादा रेणू बाहेर. मग परत मंद. घातलेलं फॉस्फेट गेलं कुठे? ते साखरेला चिकटलं होतं, फ्रुक्टोजला दोन टोकांना दोन. पहिल्यांदाच कोणाला साखर आणि दारू यांच्या मधला टप्पा हातात मिळाला होता. शिवाय रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबून गाळला की त्याचे दोन भाग व्हायचे. एक उष्णतेने मरणारा, दुसरा उकळला तरी टिकणारा. दोन्ही वेगवेगळे निकामी, एकत्र केले की चालू. टिकणाऱ्या भागातली छोटी मदतनीस रसायनं कोणती, हे उलगडायला पुढे पंचवीस-तीस वर्षं गेली.

आता यीस्टवरून स्नायूंकडे उडी, आणि ती कशी पडली तेही बघा. ओटो मायरहोफ बेडकाच्या स्नायूंवर काम करत होता. स्नायू दमतात तेव्हा साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं, तिथे दारूबिरू काही नसते. तरी १९१८ मध्ये त्याने दाखवलं की हार्डेनचा तो उकळून टिकणारा मदतनीस प्राण्यांच्या स्नायूंतही आहे, आणि स्नायूतून काढून यीस्टच्या रसात घातला तरी चालतो. जरा थांबून विचार करा. बेडकाच्या मांडीतला सुटा भाग ताडीच्या मडक्यातल्या बुरशीला चपखल बसतो. म्हणजे खालची यंत्रणा एकच आहे. इतक्या लांबच्या दोन जिवांत तोच कोड चालतोय, फक्त शेवटचं आउटपुट वेगळं.

१९२२ चं वैद्यकाचं नोबेल मायरहोफला मिळालं, ए. व्ही. हिलसोबत. मायरहोफची कल्पना होती की लॅक्टिक आम्ल तयार होण्यामुळेच स्नायू आकसतो. आणि मग ती पडली. कोपनहेगनमध्ये आयनार लुंड्सगार्डने १९३० मध्ये प्राण्यांना आयोडोअॅसिटेट नावाचं विष दिलं. त्याने लॅक्टिक आम्ल बनणं पूर्ण थांबलं, तरी स्नायू काही वेळ आकसत राहिले. म्हणजे तात्काळ खर्चायची रोकड दुसरीच कुठली तरी होती.

ती रोकड सापडली होती, आणि तिच्यापाशी एक आपला माणूस उभा होता. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचा, मद्रासला डॉक्टरी शिकलेला, १९२३ मध्ये बोस्टनला पोचला. हार्वर्डमध्ये सायरस फिस्केबरोबर त्याने रक्त-लघवी-स्नायूत फॉस्फरस किती आहे ते निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजायची पद्धत १९२५ मध्ये छापली. 'फिस्के-सुब्बाराव मेथड' आपल्या कॉलेजांच्या प्रॅक्टिकलमध्ये अजून असते. या पद्धतीनेच दोघांना स्नायूत फॉस्फोक्रिएटिन सापडलं (इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही तेव्हाच), आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी मायरहोफच्या प्रयोगशाळेत कार्ल लोमानलाही एटीपी सापडलं. सुब्बारावला हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. तो औषध कंपनीत गेला आणि तिथे त्याने जे केलं त्याला एक अख्खा भाग लागेल, तो मी नक्की करणार आहे.

मायरहोफबद्दल मला आदर वाटतो तो इथे. ज्या कल्पनेशी त्याचं नोबेल जोडलेलं होतं ती कोसळली, आणि त्याने ते सरळ मान्य करून काम पुढे नेलं. फ्रँकफर्टमध्ये गुस्ताव्ह एम्बडेन हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. १९३३ मध्ये एम्बडेनने अख्खा आराखडा मांडला: दोन फॉस्फेटवाली सहा कार्बनची साखर मधोमध तुटते, तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि तिथून पुढे अमुक अमुक पायऱ्या. त्याच वर्षी तो गेला. मायरहोफने प्रतिस्पर्ध्याचा आराखडा उचलला आणि लोमानसोबत एकेक पायरी तपासत सुटला.

यात हत्यार काय, तर विषं. एक पायरी अडवा, अडवलेल्या जागेमागे काय साठतंय ते बघा. आम्ही प्रोग्राममध्ये ब्रेकपॉइंट टाकतो तेच. आयोडोअॅसिटेट सहाव्या पायरीवर अडवतं, फ्लोराइड नवव्या पायरीवर. आणि हा फ्लोराइडचा ब्रेकपॉइंट तुम्ही पाहिलाय. आईची शुगर तपासायला लॅबचा मुलगा घरी येतो तेव्हा रक्त करड्या टोपीच्या नळीत घेतो. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. कारण काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही जिवंत असतात आणि त्याच दहा पायऱ्यांनी ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते आणि रिपोर्ट खोटा येतो. फ्लोराइड घातलं तरी पहिला तास-दोन तास साखर थोडी घटतेच, कारण अडथळा नवव्या पायरीवर आहे आणि वरच्या पायऱ्या थोडा वेळ चालूच राहतात. रांगेत पुढे गाडी अडली तरी मागच्यांना कळायला वेळ लागतोच की.

तिकडे पोलंडमधल्या ल्वूव शहरात, आजचं युक्रेनमधलं ल्विव, याकुब पार्नास फॉस्फेट एका रेणूवरून दुसऱ्यावर थेट कसं जातं ते शोधत होता. १९३५ मध्ये त्याने दाखवलं की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन फॉस्फेट वापरून सुटं होतं. १९४० च्या आसपास दहाही पायऱ्या जागेवर बसल्या. आधी दोन एटीपी खर्चायचे, मग चार मिळतात, निव्वळ नफा दोन. धंदा म्हणून किरकोळ वाटेल, पण यीस्टपासून आपल्यापर्यंत बहुतेक सगळे याच दुकानात उधारी मांडून आहेत.

हे सगळं चालू असताना बाहेर काय चाललं होतं? एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीत कायदा झाला आणि ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढायला सुरुवात झाली. फ्रायबुर्गमधून हान्स क्रेब्ज नावाच्या तरुण डॉक्टरला काढलं. पायरुव्हेटच्या पुढची गोष्ट शोधणारा क्रेब्ज तो हाच, त्याने ती इंग्लंडमध्ये शेफिल्डला शोधली. बर्लिनमध्ये कार्ल नॉयबर्ग, ज्याने यीस्टमधलं पायरुव्हेट मोडणारं एन्झाइम शोधलं होतं, त्याला स्वतः चालवलेल्या संस्थेच्या संचालकपदावरून हटवलं.

मायरहोफ हायडेलबर्गला टिकून राहिला, १९३८ पर्यंत. मग पॅरिस. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं तेव्हा तो पत्नीसह दक्षिणेकडे पळाला. मार्सेय बंदरात व्हेरियन फ्राय नावाचा एक अमेरिकन पत्रकार होता, ज्याने मार्क शागाल, हॅना आरेंट अशा कितीतरी जणांना व्हिसे, पैसे आणि चोरवाटा मिळवून दिल्या. मायरहोफ त्याच यादीत. स्पेनमार्गे निघून ऑक्टोबर १९४० मध्ये तो फिलाडेल्फियाला पोचला. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाने जागा दिली. तिथे तो परत एन्झाइमांवर कामाला लागला, १९५१ मध्ये हृदयविकाराने जाईपर्यंत.

पार्नासला जर्मनांपासून वाचण्यासाठी पूर्वेकडे जावं लागलं. १९४१ मध्ये तो सोव्हिएत रशियात गेला, तिथे त्याला मान मिळाला, संस्था मिळाली. आणि जानेवारी १९४९ च्या अखेरीस गुप्त पोलीस त्याच्या घरी आले. लुब्यान्का तुरुंगात नेल्यावर त्याच दिवशी तो मेला. पासष्ट वर्षांचा होता. तर ही पी.

पार्नासने ग्लायकोजेनचा धागा जिथे सोडला तिथून तो उचलला प्रागच्या एका जोडप्याने. गेर्टी आणि कार्ल कोरी १९२२ मध्येच अमेरिकेला गेले होते. सेंट लुईसला कार्ल प्राध्यापक. गेर्टीचं शिक्षण तेच, काम तेच, पण तिला संशोधन सहायक म्हणून तुटपुंज्या पगारावर ठेवलं. ग्लायकोजेनमधून पहिल्यांदा सुटणारा फॉस्फेटवाला ग्लुकोज त्यांनी १९३६ मध्ये पकडला. १९४७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, त्याच वर्षी गेर्टी प्राध्यापक झाली आणि त्याच वर्षी तिला अस्थिमज्जेचा असाध्य आजार असल्याचं कळलं. ती आणखी दहा वर्षं काम करत राहिली.

त्या दहा वर्षांतलं एक काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काही बाळांचं पोट यकृताने फुगलेलं असतं. दूध पाजून दोन-तीन तास झाले की त्यांची साखर कोसळते, झटके येतात. यकृतात ग्लायकोजेन ठासून भरलेलं, आणि रक्तात साखर नाही. कोठार भरलेलं आणि घरात उपास. १९५२ मध्ये कोरी दांपत्याने अशा मुलांच्या यकृताचे नमुने तपासून दाखवलं की ग्लुकोजवरचं शेवटचं फॉस्फेट काढणारं एकच एन्झाइम त्यांच्यात नाही. फॉस्फेट चिकटलेला ग्लुकोज पेशीतून बाहेर पडू शकत नाही, तो आतच अडकतो. जन्मजात आजाराचं बोट एका हरवलेल्या एन्झाइमवर इतकं नेमकं ठेवलं गेलं ते तेव्हा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी 'पेशीच्या आत बघता येणार नाही' म्हणणारे लोक होते.

कारण कळलं तरी एन्झाइम आणायचं कुठून? कित्येक वर्षं या मुलांना दर दोन-तीन तासांनी उठवून भरवावं लागायचं, मग रात्रभर नाकातून नळीने ग्लुकोज द्यायची पद्धत आली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक स्वस्त उपाय छापला: मक्याचं कच्चं स्टार्च पाण्यात कालवून प्यायला द्यायचं. आपल्याकडे किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं, मंचुरियनच्या ग्रेव्हीत घालतात ते. (हे डॉक्टर माप ठरवून देतात, घरच्या घरी करायचा प्रयोग नाही.) कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात. आपल्या आतड्यातला डायास्टेज, हो, पायँ आणि पेरसोचा तोच, आता आपण त्याला अमायलेज म्हणतो, तो ते कण हळूहळू पोखरतो आणि कित्येक तास थेंब थेंब ग्लुकोज सुटत राहतो. शिजवलं तर कण फुगून उकलतात, अमायलेज सगळं झटक्यात फोडून टाकतं आणि मध्यरात्री साखर पुन्हा कोसळते. म्हणून या मुलांच्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगतात: गार किंवा साध्या पाण्यात कालवा, गरम दुधात नको.

पुढच्या भागात क्रेब्ज. त्याचा शोध 'नेचर'ने परत का पाठवला, तिथून सुरू करू.